उंदराची साक्ष आणि माणसाचा निवाडा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२० साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात देशभरच्या अठ्ठावीस नोंदणी केंद्रांचे आकडे शेजारीशेजारी मांडले आहेत, आणि त्या क्रमवारीच्या अगदी तळाशी आपला उस्मानाबाद व बीड हा जोडविभाग आहे. वयोमानाचा फरक जुळवून काढलेले प्रमाण पाहिले, तर मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्यात दर लाख पुरुषांमागे वर्षाला २६९.४ जणांच्या कर्करोगाची नोंद झालेली दिसते, आणि आपल्याकडे ती ३९.५ इतकीच झालेली दिसते. स्त्रियांच्या बाबतीतही ४९.४ हा आपला आकडा त्या क्रमवारीत सर्वांत कमी आहे. हे वाचून समाधान मानण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु दप्तरात नोंद होते ती निदान झालेल्या रोगाची; आणि जो रोग वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतो, ज्याची लक्षणे म्हातारपणाच्या नेहमीच्या तक्रारींत मिसळून जातात, ज्याचा माग काढण्यासाठी रक्ताची विशेष तपासणी आणि सुईने काढलेला ग्रंथीचा तुकडा लागतो, तो पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग अशा दप्तरातून सहज निसटणारा आहे.

या रोगाविषयी आपल्या माणसांची माहिती अशी तुटपुंजी असताना उंदरांच्या वार्ता मात्र विपुल आहेत. प्रोस्टेटचा कर्करोग उंदरांत बरा झाला, अमुक फळाच्या रसाने गाठ आक्रसली, तमुक वनस्पतीच्या अर्काने कर्कपेशी मेल्या, अशा बातम्या वर्षातून अनेकदा छापून येतात आणि मोबाइलवरून हातोहात वाडीवस्तीपर्यंत पोहोचतात. त्यांना किती मान द्यावा, हा प्रश्न आता प्रयोगशाळेतील विद्वानांपुरता राहिलेला नाही. तो केज-धारूरच्या कुटुंबांचाही झाला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, उंदराची साक्ष मोलाची आहे आणि ती घेतलीच पाहिजे. पण तेवढ्या एका साक्षीवर माणसाचा निवाडा देता येत नाही, आणि जे तो देतात ते उंदरावर आणि माणसावर सारखाच अन्याय करतात.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा असतो आणि पन्नाशीनंतर बहुतेकांच्या बाबतीत ती वाढू लागते. ही वाढ बहुधा निरुपद्रवी असते. रात्री वारंवार उठावे लागणे, लघवीची धार बारीक होणे, ती अडखळत होणे, या तक्रारी त्या साध्या वाढीनेही उद्भवतात. कर्करोग मात्र पुष्कळदा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, त्यामुळे आरंभी काहीच जाणवत नाही, आणि तो पसरला म्हणजे कमरेच्या व पाठीच्या हाडांत जाऊन बसतो. आता आपल्या बीड जिल्ह्यातील एखादे गाव डोळ्यांपुढे आणावे. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी आणि लेकरे घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात, आणि मागे उरतात ती म्हातारी माणसे, म्हणजे ज्या वयात हा रोग होतो नेमक्या त्याच वयाची. अशा घरातला सत्तरीचा आजा कंबर धरून ओसरीवर बसला, तर शेजारीपाजारी म्हणतात की जन्मभर मोळ्या वाहिल्या, आता कंबर जायचीच. तोही तेच खरे मानतो, मलम चोळून घेतो, आणि पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, लेक-सून परत येईपर्यंत दवाखान्याची गोष्ट निघत नाही. पाठीच्या कण्यात शिरलेला रोग एखाद्या दिवशी मज्जारज्जूवर दाब आणतो आणि पायांतली शक्ती जाते. तेव्हा कुठे अंबाजोगाईच्या वा छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयाची वाट धरली जाते, आणि तोवर रोग समूळ बरा होण्याची वेळ टळून गेलेली असते.

अशा अवस्थेतही वैद्यकाला पुष्कळ काही करता येते, याचे श्रेय शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांच्याकडे जाते. हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो आणि वृषण काढून टाकले की पसरलेला रोगही माघार घेतो, हे त्यांनी १९४१ साली दाखवून दिले, आणि पुढे १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा मार्ग कुत्र्यांवरील निरीक्षणांतून गेला होता. कारण माणसाखेरीज ज्या मोजक्या प्राण्यांना हा रोग आपोआप होतो, त्यांत कुत्रा प्रमुख आहे. ती शस्त्रक्रिया आपल्याकडच्या गरीब रुग्णांवर आजही केली जाते, कारण ती एकदाच करावी लागते आणि महागड्या इंजेक्शनांचा आयुष्यभराचा खर्च वाचवते. परंतु काही महिन्यांनी वा वर्षांनी, संप्रेरकाचा झरा आटलेला असतानाही, रोग पुन्हा उसळतो. तो का उसळतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ उंदराकडे वळले.

येथे एक अडचण होती आणि ती मूलगामी होती. उंदराला प्रोस्टेटचा कर्करोग निसर्गतः होतच नाही म्हटले तरी चालेल. त्याची ग्रंथी माणसासारखी एकसंध गोळ्याची नसून चार निरनिराळ्या पाळ्यांची असते. माणसाच्या रक्तात ज्या पीएसए नावाच्या प्रथिनाच्या मोजमापावरून या रोगाचा संशय घेतला जातो, ते प्रथिन उंदराच्या शरीरात नाही. आणि त्याचे आयुष्य जेमतेम दोन वर्षांचे, तर माणसातला हा रोग पिकायलाच कित्येक वर्षे घेतो. सबब, जो रोग उंदराला नाही तो त्याच्यात निर्माण करावा लागला, आणि त्यासाठी दोन वाटा निघाल्या. पहिली वाट कलमाची. थायमस ग्रंथी नसलेल्या, म्हणून परक्या पेशी झिडकारण्याची शक्ती नसलेल्या केसहीन उंदरात माणसाची गाठ रुजते, हे १९६९ साली कोपनहेगनमध्ये सिद्ध झाले. आणि १९७७ साली अमेरिकेतील बफलो येथे पन्नाशीच्या एका गौरवर्णीय रुग्णाच्या मानेजवळच्या लसिकाग्रंथीतून घेतलेल्या पेशींपासून एलएनकॅप नावाचा पेशीवंश तयार झाला, तो आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जातो. दुसरी वाट वंशबदलाची. ह्यूस्टनच्या नॉर्मन ग्रीनबर्ग यांच्या चमूने १९९५ साली माकडांतील एका विषाणूचा जनुक, तो प्रोस्टेटमध्येच जागा होईल अशा बेताने, उंदराच्या वंशात बसवला आणि ट्रॅम्प या नावाने ओळखला जाणारा उंदीर जन्मास घातला. त्याला सहा-सात महिन्यांत कर्करोग होतो. पुढे २००३ साली लॉस एंजेलिसमध्ये पीटेन हा जनुक प्रोस्टेटपुरता काढून टाकलेले उंदीर निर्माण झाले, आणि हे प्रारूप माणसाच्या अधिक जवळचे होते, कारण तो जनुक माणसाच्या कर्करोगातही पुष्कळदा हरवलेला आढळतो.

या प्रयोगांचे रोजचे स्वरूप ज्याने पाहिले नाही, त्याला वृत्तपत्रातील मथळ्याचे खरे मोल कळणे कठीण आहे. गाळलेली हवा खेळवणाऱ्या पारदर्शक पेट्या मांडणीवर ओळीने लावलेल्या असतात. तळाशी निर्जंतुक केलेले तूस वा मक्याच्या कणसाचा भुगा, वर पाण्याची बाटली आणि ठरीव खाद्य. पंचवीस ग्रॅम वजनाच्या उंदराच्या कुशीत कातडीखाली पेशी टोचल्या जातात, थोड्याच दिवसांत तेथे गाठ हाताला लागते, आणि मग संशोधक विद्यार्थी ठराविक दिवसांनी कॅलिपर लावून तिची लांबी-रुंदी मोजतो व वहीत लिहून ठेवतो. एका गटाला औषध, दुसऱ्याला नाही; ज्या गटाच्या गाठी सावकाश वाढल्या, त्याच्या औषधाची बातमी होते. सारे उंदीर एका वाणाचे, एका वयाचे, एका खाद्यावर पोसलेले असतात, आणि या एकसारखेपणामुळेच निष्कर्ष स्वच्छ निघतो. पण मधुमेह, जुना क्षय, तंबाखू, अर्धपोटी काढलेले बालपण आणि सत्तर वर्षांचे कष्ट यांनी घडलेल्या माणसाच्या देहापासून तो निष्कर्ष दूर राहतो, याचेही कारण हा एकसारखेपणाच आहे.

तरीही या उंदरांनी माणसाचे भले केले आहे, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. चार्ल्स सॉयर्स यांच्या चमूने उंदरांत रुजवलेल्या मानवी गाठींची संप्रेरकाला दाद देणारी आणि न देणारी रूपे जोडीजोडीने तपासली, आणि २००४ साली दाखवले की पुन्हा उसळलेल्या रोगातील सातत्याने आढळणारा बदल म्हणजे संप्रेरक ग्रहण करणाऱ्या प्रथिनाची झालेली वाढ. अन्न कमी झाले म्हणून कर्कपेशीने ग्रहणशक्ती वाढवली होती. एवढी किल्ली हाती आल्यावर त्या प्रथिनालाच अडवणारे औषध शोधले गेले. ते आधी अशाच उंदरांवर, मग माणसांवरील रीतसर चाचण्यांतून पारखले गेले, आणि एन्झालुटामाइड या नावाने २०१२ साली अमेरिकेत मंजूर झाले. आज ते देशी कंपन्याही बनवतात आणि आपल्याकडील डॉक्टर ते लिहून देतात. येथे उंदराला रोगाच्या यंत्रणेविषयी प्रश्न विचारला गेला होता, त्याने त्याचे उत्तर दिले, आणि रुग्णाला उपयोग होतो की नाही हा निराळा प्रश्न रुग्णांनाच विचारून सोडवला गेला. कामाची ही वाटणी जेथे पाळली जाते, तेथे उंदीर फसवत नाही.

ती जेथे पाळली जात नाही, तेथे काय घडते याचे उदाहरण आपल्या बांधावरच्या फळाचे आहे. मराठवाडा आणि सोलापूर यांच्या हलक्या, मुरमाड जमिनींत डाळिंबाने कित्येक कुटुंबांना हात दिला. सोलापुरात २००५ सालापासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. त्याच २००५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी मानवी प्रोस्टेट कर्कपेशी टोचलेल्या केसहीन उंदरांना पिण्याच्या पाण्यातून डाळिंबाचा अर्क दिला आणि त्यांच्या गाठी सावकाश वाढल्याचे प्रसिद्ध केले. प्रयोग शिस्तीत केलेला होता आणि निष्कर्ष खरा होता. पुढल्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया वा किरणोपचार होऊनही पीएसए वाढू लागलेल्या ४६ पुरुषांना रोज पेलाभर डाळिंबरस दिला, तेव्हा पीएसए दुप्पट होण्यास लागणारा काळ सरासरी १५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेल्याचे दिसले. या चाचणीत तुलनेसाठी रसाविना ठेवलेला गट नव्हता, हे मात्र बातमीत विरून गेले. पॉम वंडरफुल या रसविक्रेत्या कंपनीने अशा संशोधनाच्या आधारे हृदयविकारापासून प्रोस्टेटच्या कर्करोगापर्यंत आपल्या रसाचे गुण गाणाऱ्या जाहिराती केल्या. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१० साली तक्रार गुदरली, २०१३ साली त्या जाहिराती फसव्या ठरवल्या, आणि २०१५ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम केला. त्याच २०१५ साली नुसत्या नावाचा, औषधगुण नसलेला द्रव पिणाऱ्या गटाशी तुलना करणाऱ्या चाचणीचे फळ प्रसिद्ध झाले: डाळिंब घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत ठरवून सांगता येईल असा फरक आढळला नाही, कारण पीएसए वाढीचा वेग नुसत्या नावाचा द्रव घेणाऱ्यांतही मंदावला होता.

डाळिंब उत्तम फळ आहे. ते पिकवावे, खावे, विकावे, आणि त्याला रास्त भाव मिळावा. परंतु पीएसए वाढलेला माणूस डॉक्टरांचा इलाज सोडून रसाच्या भरवशावर वर्षभर घरी राहिला, तर त्या वर्षाची भरपाई कोणतीही बाग करू शकत नाही. आणि याबाबत आपल्या जिल्ह्याने विशेष सावध असले पाहिजे, कारण कर्करोगाच्या नावाने घातलेली भीती येथे काय करू शकते हे आपण पाहिले आहे: पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, या धास्तीने ऊसतोड करणाऱ्या किती बायांनी भर तारुण्यात गर्भाशय काढून घेतले, याची चौकशी करण्यासाठी २०१९ साली राज्य शासनाला समिती नेमावी लागली. ज्या समाजात भीती इतकी स्वस्त आहे, त्यात खोटी आशाही तितकीच वेगाने खपते.

चूक व्यापाऱ्याच्याच हातून होते असेही नाही. प्रामाणिक विद्वानांचाही अंदाज चुकतो. जेम्स ॲलिसन यांच्या गटाने २००० साली दाखवले की, शरीराच्या संरक्षक पेशींवरचा लगाम सैल करणारा उपचार एका लसीच्या जोडीने दिला, तर ट्रॅम्प उंदरांतील प्रोस्टेटचा कर्करोग कमी होतो. त्याच तत्त्वावरचे औषध त्वचेच्या एका घातक कर्करोगावर २०११ साली मंजूर झाले, आणि २०१८ साली ॲलिसन यांना नोबेल मिळाले. पण प्रोस्टेटचा रोग हाडांत पसरलेल्या ७९९ पुरुषांवर ते किरणोपचारानंतर आजमावले गेले, तेव्हा २०१४ साली निघालेल्या निष्कर्षात आयुर्मान निश्चितपणे वाढल्याचे सिद्ध झाले नाही. उंदरातील तत्त्व खरे होते, एका रोगात ते माणसालाही लागू पडले, आणि ज्या रोगाच्या उंदरावर ते तपासले होते, त्याच रोगाच्या माणसांवर त्याची मात्रा चालली नाही.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या इतिहासातही हा धडा लिहिलेला आहे. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत परळला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगाच्या संशोधनास वाहून घेतले, बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले, आणि परतल्यावर इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ती विद्या रुजवली. त्या संस्थेचे नाव धारण करणारा उंदरांचा एक वाणही तेथे जोपासला गेला. त्यांचे बरेच काम स्तनांच्या कर्करोगावर, आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्या संबंधांवर होते. त्या विषयात १९३६ सालापासून एक गोष्ट सर्वमान्य होती: जॉन बिटनर यांनी दाखवले होते की उंदरांच्या काही वाणांत हा रोग आईच्या दुधातून पिलात उतरतो, आणि पुढे त्या दुधातील विषाणू सापडलाही. मग माणसाचे काय, असा प्रश्न निघणे अपरिहार्य होते. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याने त्यांच्या दुधाचे नमुने तपासले गेले, आणि १९७१ साली त्यांत तशाच कणांचा भास झाल्याचे प्रसिद्ध झाले. हा संशय पुढे टिकला नाही. उलट, तीस देशांतील स्त्रियांची माहिती एकत्र करून २००२ साली जो निष्कर्ष निघाला, त्यानुसार अंगावर पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आईचा स्तनकर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. उंदराच्या पिलाला जे दूध घातक ठरले, ते पाजणे मानवी मातेला तारक ठरले. उंदरातले सत्य पाहून कोणी मातांना अंगावर पाजू नका असे सांगितले असते, तर केवढा अनर्थ झाला असता!

माणसाविषयीचे सत्य माणसांतच शोधावे लागते, आणि ते शोधण्याची कुवत आपल्या मुलखात आहे, याचा पुरावा शेजारीच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि आपल्या सीमेला लागून असलेला भूम हे तालुके तिच्या कक्षेत आले. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीच्या डॉक्टरांनी पार पाडली, आणि विषाणूच्या एकाच तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध होऊन जगभर मार्गदर्शक ठरला. ज्या गटाची तपासणी केली गेली नाही, त्या स्त्रियांच्या हक्कांविषयी गंभीर आक्षेपही घेतले गेले, आणि ते विसरता कामा नयेत. मानवी पुराव्याची किंमत माणसांनाच मोजावी लागते, म्हणून तो अधिक जबाबदारीने गोळा केला पाहिजे. परंतु आपल्या कोरडवाहू खेड्यांतील बायांनी जगाला जे ज्ञान दिले, ते कोणत्याही वाणाच्या उंदराला देता आले नसते.

आता भूतदयेचा प्रश्न. संतांनी प्राणिमात्राविषयी करुणा ज्या भूमीत शिकवली, तेथे हा प्रश्न विचारला जाणे हे आपल्या सद्बुद्धीचे लक्षण आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांना मुभा दिली, पण त्यांवर देखरेखीसाठी समितीची तरतूद केली आणि मोठ्या जनावरांऐवजी गिनीपिग, ससे, बेडूक, उंदीर यांसारख्या लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर तसे करावे असे सांगितले. म्हणजे हा भार उंदरावर आपण कायद्यानेच टाकला आहे. १९९८ च्या नियमांनी संस्थांची नोंदणी आणि प्रत्येक प्रयोगाची पूर्वपरवानगी सक्तीची केली, आणि २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींवर आधारलेल्या चाचण्यांनाही मान्यता मिळाली. रुग्णाच्या स्वतःच्या गाठीतून प्रयोगपात्रात वाढवलेले प्रोस्टेटचे सूक्ष्म अवयव २०१४ पासून उपलब्ध आहेत. जेथे त्यांनी काम भागेल तेथे उंदीर मारू नये. पण हाडांत पसरणारा रोग, रक्तप्रवाह, संप्रेरके आणि संरक्षक पेशी यांचा एकत्र खेळ प्रयोगपात्रात अद्याप पुरता उतरत नाही. म्हणून उंदरांवरील सर्व प्रयोग आजच बंद करा, ही मागणी मला मान्य नाही. मात्र ज्याला ठोस प्रश्न नाही, ज्यात उंदरांची संख्या अपुरी वा अवाजवी आहे, ज्याचे प्रतिकूल निष्कर्ष कपाटात पडून राहतात, असा प्रयोग म्हणजे निव्वळ क्लेश आहे, आणि तो कायद्याच्या नाही तरी विवेकाच्या कसोटीवर गुन्हाच ठरतो.

काय करावे, हे आता स्पष्टपणे सांगतो. वृत्तपत्रांनी असे संशोधन छापताना ‘उंदरांवर’ हा शब्द मथळ्यातच घ्यावा, शेवटच्या परिच्छेदात लपवू नये, आणि माणसांवर चाचणी झाली आहे की नाही हे पहिल्या चार ओळींत सांगावे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्याने मनाई आहे. तो कायदा आठवडी बाजारातील पुड्यांना आणि मोबाइलवरील बाटल्यांना सारख्याच कडकपणे लागू व्हावा. साठीपुढच्या पुरुषाला लघवीतून रक्त जात असेल, हाडांत न थांबणारे दुखणे असेल, धार झपाट्याने मंदावली असेल, तर त्याची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी आणि गरज पडल्यास सुईने तुकडा काढण्याची सोय बीडच्या जिल्हा रुग्णालयात व अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात विनाविलंब मिळावी. सरसकट सर्व वृद्धांचे पीएसए करत सुटावे, असे मी सुचवत नाही, कारण साध्या वाढीने आणि जंतुसंसर्गानेही तो आकडा चढतो आणि अनावश्यक शस्त्रक्रियांची नवी साथ आपल्याला नको आहे. तक्रार असलेल्या माणसाची तक्रार वयाच्या खात्यावर न टाकता तिची खातरजमा करावी, एवढेच मागणे आहे. आणि ज्यांचा तुकडा तपासला जाईल, त्यांच्या रीतसर संमतीने त्यातील काही अंश संशोधनासाठी जपला जावा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशीवंशांचे भांडार आहे, खारघरला टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र आहे, मात्र जगातील प्रोस्टेट संशोधन आजही ज्या मोजक्या पेशीवंशांवर उभे आहे, ते परदेशी रुग्णांचे आहेत. उंदराला प्रश्न विचारायचाच असेल, तर त्याच्या अंगी आपल्या रुग्णाची गाठ रुजवून आपला प्रश्न विचारला जावा.

उंदराचा जीव घेऊन मिळवलेल्या ज्ञानाला काही कर्तव्ये चिकटलेली असतात. विचारलेला प्रश्न माणसाच्या खरोखर उपयोगाचा होता, ही हमी शास्त्रज्ञाने द्यायची आहे. मिळालेले उत्तर आहे तेवढेच सांगितले जाईल, त्याला पदरचे काही जोडले जाणार नाही, ही हमी लिहिणाऱ्याने, छापणाऱ्याने, विकणाऱ्याने आणि पुढे पाठवणाऱ्याने द्यायची आहे. आणि माणसावर पारखून खरे ठरलेले औषध बालाघाटच्या डोंगरावरील शेवटच्या वस्तीतल्या माणसाला वेळेत व परवडेल अशा दरात मिळेल, ही हमी शासनाने द्यायची आहे. या तिन्ही हमी पाळल्या गेल्या, तरच तो प्रयोग पुरा झाला असे म्हणता येईल.